फोकलोरिको ग्रुपला हात द्यायचाय? स्कर्टपासून सुरुवात करा

आमच्या मंडळातल्या तीन-चार जणींनी गेल्या महिन्याभरात मला एकच प्रश्न विचारला, की तू दर शनिवारी त्या फोकलोरिको, म्हणजे मेक्सिकन लोकनृत्याच्या ग्रुपमध्ये जाऊन नक्की करतेस काय आणि आम्हाला यायचं असेल तर कसं यायचं. एकीची मुलगी शाळेतल्या मैत्रिणीबरोबर तिथे नाचायला जायला लागलीय, एक नुकतीच सॅन होजेला आलीय आणि एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाबरोबर मिळतो तो व्हिसा) दिवसभर घरी असते, आणि एकीला नुसतेच ते घेरदार रंगीत स्कर्ट जवळून बघायचेत (हे कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं). प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

मी स्वतः नाचत नाही. माझी मुलगी सहा वर्षं नाचतेय आणि मी तेवढीच वर्षं स्कर्टना वाफ देतेय, वेण्या घालतेय, पाण्याचे कूलर उचलतेय, त्यामुळे जे सांगतेय ते पडद्यामागचं आहे. आमचा ग्रुप ईस्ट सॅन होजेचा, म्हणजे शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ ज्या वस्तीत राहिले त्याच भागातला, आणि इथे फोकलोरिको ही काही हौसेची नवीन गोष्ट नाही, लोस लुपेन्योस नावाचा इथला मोठा ग्रुप १९६९ पासून चालू आहे आणि अलम रॉक रस्त्यावर मेक्सिकन हेरिटेज प्लाझा म्हणून अख्खं सांस्कृतिक केंद्र आहे. म्हणजे तुम्ही आधीपासून नीट चाललेल्या घरात पाहुणी म्हणून जाताय, हे डोक्यात ठेवलं की बाकीचं बरंच सोपं जातं.

आधी नुसतं जाऊन बसा

पहिले दोन-तीन शनिवार काहीही करू नका. प्रॅक्टिसला एन्सायो म्हणतात, त्या एन्सायोला वेळेवर जा, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसा आणि बघा कोण काय करतंय. कोण मुलांची हजेरी घेतं, पाणी कोण आणतं, स्पीकर कोण लावतं, कोणाला विचारून दार उघडतात. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात जसं वादकांच्या मागे पाणी देणारे, दोर ओढून ताणणारे, टेम्पो सांभाळणारे असतात आणि नवीन माणसाला कोण कशाचं आहे हे कळायला वेळ लागतो, अगदी तसंच. बऱ्याच ग्रुपमध्ये अशी एखादी आजी असते, जिच्या नावापुढे कुठलंच पद नाही पण सगळे तिलाच विचारतात. आमच्याकडे आहे. ती कोण हे ओळखा, तिला जाऊन नमस्कार करा.

शिकवणाऱ्या बाईंना माएस्त्रा, पुरुषांना माएस्त्रो. नावाने हाक मारायची नाही, आपण बाई किंवा सर म्हणतो तसं. मोठ्या बायकांना सेन्योरा. स्पॅनिशमध्ये आपल्या तुम्ही-सारखं उस्तेद आहे, मोठ्यांशी तेच वापरा, चुकलं तरी कोणी रागावत नाही पण प्रयत्न दिसतो. खोलीत शिरलात की सगळ्यांना सकाळी ब्वेनोस दियास, दुपारनंतर ब्वेनास तार्देस म्हणायचं, दोघातिघांच्या मधून जायचं असेल तर कॉन पेर्मिसो. एवढ्या दोन-तीन शब्दांवर माझे पहिले सहा महिने निघाले. आणि कपड्यांना कॉस्च्युम म्हणू नका, तो शब्द इथे हॅलोविनला चिकटलेला आहे, त्राहे किंवा सगळ्याला मिळून व्हेस्तुआरिओ म्हणतात. आपल्या नऊवारीला कोणी फॅन्सी ड्रेस म्हटलं तर आपल्याला कसं लागेल.

कागदपत्रं, ही लवकर उरका

हे कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून एबी ५०६ नावाचा कायदा लागू आहे, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये जो मोठा माणूस मुलांच्या थेट संपर्कात महिन्याला १६ तासांपेक्षा जास्त किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त असतो त्याला बॅकग्राउंड चेक आणि बालशोषण कसं ओळखायचं, कुठे कळवायचं याचं ट्रेनिंग करावं लागतं. बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने, म्हणजे शाईऐवजी मशीनवर देतात. शनिवारी तीन-चार तास म्हटलं तर वर्षाचे ३२ तास बघता बघता होतात, म्हणून आमच्याकडे सगळ्यांनाच सुरुवातीला हे करायला लावतात आणि मला ते योग्य वाटतं. ठसे दिल्याशिवाय कपडे बदलायच्या खोलीत कोणालाही पाठवत नाहीत, त्यात वाईट वाटून घेऊ नका, तुमची मुलगी त्या खोलीत असती तर तुम्हालाही हेच हवं असतं.

एच-४ किंवा एच-१बी वाल्यांसाठी एक गोष्ट. नफा न कमावणाऱ्या संस्थेत बिनपगारी, खरंखुरं स्वयंसेवी काम करता येतं, पण ज्या कामासाठी एरवी पगारी माणूस ठेवतात ते काम फुकट करून देणं हा वेगळा विषय होतो. स्कर्टना वाफ देणं, मुलांना पाणी देणं यात अडचण नाही. संस्थेचे सगळे हिशोब तुम्हीच बघायला लागलात किंवा बदल्यात मुलीची फी माफ झाली तर आधी वकिलाला विचारा.

कुठला नाच कुठला, हे शिका

इथे नवीन लोकांची सगळ्यात जास्त गडबड होते. मेक्सिकन डान्स असा एक डान्स नसतोच. आपण जसं लावणी, कोळीगीत, लेझीम आणि गोव्याचा फुगडी-धालो एका पिशवीत भरत नाही तसंच तिथेही प्रांताप्रांताचं वेगळं आहे, आणि प्रांत बदलला की स्कर्ट, बूट, केस, दागिने, वाद्यं सगळं बदलतं. म्हणून हे पाठ असल्याशिवाय बॅकस्टेजला तुम्ही उपयोगी पडू शकत नाही, कारण माएस्त्रा ओरडून सांगणार 'वेराक्रूझ!' आणि तुम्हाला हात कुठल्या रॅककडे न्यायचा ते कळायला हवं.

हालिस्को म्हणजे ते सगळ्यांना माहीत असलेले चटक रंगाचे प्रचंड घेराचे ड्रेस, त्यावर रिबिनींच्या ओळी, पुरुष चार्रो सूटमध्ये (मेक्सिकन घोडेस्वारांचा पोशाख), संगीत मारियाची, म्हणजे व्हायोलिन, ट्रम्पेट आणि गिटारींचा ताफा. ज्याला अमेरिकेत हॅट डान्स म्हणतात तो हालिस्कोचाच, त्याचं खरं नाव हाराबे तापातिओ आणि तेच म्हणा. वेराक्रूझ पांढरं, लेसचं, पुढे काळा भरतकामाचा छोटा एप्रन, हातात पंखा, संगीतात हार्प आणि छोटी गिटारं. त्यातच ती जोडी नाचता नाचता लांब रिबिनीची पायांनी गाठ मारते, बो तयार करते आणि उचलून दाखवते. ही रिबीन कशी गुंडाळून ठेवायची ते शिकून घ्या, एक पीळ पडलेला असला तर स्टेजवर गाठ बसत नाही आणि पोरांचे चेहरे पडतात. चिआपास काळं, जाळीदार, वर मोठमोठी रंगीत फुलं भरलेली, संगीत मारिम्बाचं, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य. युकातान पांढरं, चौकोनी गळ्याभोवती आणि खाली फुलांचं भरतकाम, आणि तिथे डोक्यावर ट्रे नि ग्लास ठेवून सरळ पाठीने नाचतात. नुएवो लेऑन आणि चिवावा उत्तरेकडचं, अकॉर्डियन आणि पोल्का, युरोपातून आलेल्या लोकांबरोबर आलेलं. मिचोआकानचा म्हाताऱ्यांचा नाच, व्हिएहितोस, हा पुरेपेचा लोकांचा, पात्स्क्वारो तळ्याकडचा, लाकडी मुखवटे घालून काठी टेकत कमरेत वाकून सुरुवात आणि मग एकदम जोरात पाय. मुखवट्यातून धड दिसत नाही, त्यामुळे छोटी पोरं हा नाच करत असतील तर स्टेजच्या पायरीशी एक मोठं माणूस उभं राहिलंच पाहिजे, ते काम बहुतेक तुम्हाला मिळेल. ओआहाकामध्ये जुलैत ग्वेलागेत्सा नावाचा उत्सव होतो, आठ प्रदेशांचे लोक आपापले नाच घेऊन येतात, त्यातला अननस खांद्यावर घेऊन ओळीने नाचायचा फ्लोर दे पिन्या तुम्ही कुठेतरी व्हिडिओत बघितला असेल. अननस खरे असतात. जड असतात.

अजून एक, जे मला खूप उशिरा कळलं. हाराबे तापातिओमध्ये बाई जो ड्रेस घालते, लाल-हिरवा, टिकल्यांनी मढवलेला, त्याला चीना पोब्लाना म्हणतात, म्हणजे पुएब्ला शहरातली आशियाई बाई. पुएब्लात सतराव्या शतकात कातारिना दे सान हुआन नावाची एक बाई होती, लहानपणी हिंदुस्थानातून पळवून नेलेली, फिलिपिन्समधल्या मनिलाहून जहाजाने आकापुल्कोला आणलेली गुलाम, १६८८ मध्ये वारली, आणि त्या वेळी आशियातून आलेल्या कुणालाही तिकडे चीना म्हणत. ड्रेस तिच्यावरून आला ही लोककथा आहे, इतिहासाचे अभ्यासक तो नंतरचा मानतात. पण बाई खरी होती. आमच्या ग्रुपमधल्या आजीनेच मला हे सांगितलं, आणि त्या दिवशी तो ड्रेस हातात घेऊन मी जरा वेळ तशीच उभी राहिले.

आणि ग्रुपची पद्धत कुठली तेही विचारा. आमालिया एर्नांदेस यांनी १९५२ मध्ये मेक्सिको सिटीत बॅले फोकलोरिको दे मेहिको सुरू केलं, त्यांनी गावचे नाच मोठ्या स्टेजसाठी बसवले, आणि बरेच ग्रुप त्या वळणावर जातात. काही ग्रुप मात्र गावात जसं नाचतात तसंच ठेवायचा आग्रह धरतात, दागिना इकडचा तिकडे चालत नाही. दोन्हींमागे अभ्यास आहे, तुम्ही मत देऊ नका, एवढंच विचारा की आमच्याकडे कसं.

व्हेस्तुआरिओ, म्हणजे खरं काम

आता स्कर्ट. स्कर्टला फाल्दा म्हणतात आणि स्कर्ट फिरवण्याच्या कामाला फाल्देओ. घेर डबल सर्कलचा असतो, म्हणजे हात पूर्ण वर केले तरी कापड उरतं, आणि नाचणारी मुलगी तो घेर आठच्या आकड्यासारखा फिरवते. हे बघायला जितकं हलकं दिसतं तितकाच स्कर्ट उचलायला जड असतो, पहिल्यांदा उचलाल तेव्हा कळेल.

पहिलं काम, वाफ. इस्त्री नाही. हे मी चुकून शिकले, पहिल्याच वर्षी घाईघाईत गरम इस्त्री फिरवली आणि पॉलिस्टरची पिवळी रिबीन एका वीतभर आकसून चिकटली, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. आजी काही बोलली नाही, तिने शिवणाच्या डब्यातून तशीच रिबीन काढली, खराब तुकडा उसवला, नवीन जोडली आणि मला सुई हातात देऊन उरलेली बाजू घालायला लावली, रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघी बसलो होतो. तेव्हापासून स्टीमरच. स्कर्ट उंच रॉडवर टांगायचा, वाफ आतल्या बाजूने द्यायची, रिबिनींच्या ओळींवरून वरून खाली, एका जागी थांबायचं नाही. मग पूर्ण गार आणि कोरडा होईपर्यंत पिशवीत घालायचा नाही, नाहीतर कुबट वास बसतो आणि तो जात नाही.

दुसरं, घेराची खालची कड. प्रत्येक कार्यक्रमानंतर कड बोटांतून फिरवत पूर्ण घेर तपासायचा, कारण बुटाच्या खिळ्यात अडकून टाके उसवतात. एक टाका सुटलेला दिसला तर तिथेच हेम घाला, पुढच्या वेळी तिथेच मुलीचा पाय अडकून ती पडते. हे काम टीव्ही बघता बघता होतं असं वाटतं पण नाही होत, उजेडात बसून करा.

तिसरं, हिशोब. आमच्याकडे प्रत्येक ड्रेसला आत कापडी पट्टीवर नंबर शिवलेला आहे, आणि वहीत लिहितात नंबर अमुक, मुलगी तमुक, ब्लाउज, स्कर्ट, आतला परकर, रेबोसो म्हणजे ती लांब शाल, कानातले, केसातला कंगवा, फुलं. जाताना मोजायचं, येताना मोजायचं. बरेचसे ड्रेस मेक्सिकोहून शिवून आणलेले असतात आणि त्यासाठी लोकांनी वर्षभर तामालेस (मक्याच्या पानात वाफवलेला पदार्थ) विकलेले असतात, त्यामुळे एखादा रेबोसो हरवला तर ती नुसती वस्तू हरवत नाही. शिवणकाम येत असेल तर जरूर सांगा. अख्खा ड्रेस शिवता यायची गरज नाही, हुक लावणं, टिप घालणं, परकराची नाडी बदलणं एवढं आलं तरी तुम्हाला लोक शोधत येतील.

केस

आपल्या बायकांना हे सगळ्यात पटकन जमतं. मधोमध भांग, चापून चोपून जेलने बसवलेले केस, दोन वेण्या आणि वेण्यांमध्ये गुंफलेली रिबीन. ज्यांचे केस आखूड आहेत त्यांना खोट्या वेण्या, म्हणजे आपलं गंगावनच की. मी पहिल्यांदा गंगावन शब्द सांगितला तेव्हा दोन मुलींनी तो पाठच करून टाकला. शाळेच्या गॅदरिंगला आपण पोरींचे अंबाडे घट्ट बसवायचो, गजरा हलू नये म्हणून आकडे आडवेतिडवे खोचायचो, ती सगळी विद्या इथे कामी येते. यू पिन, बारीक जाळी, काळी रबरं, टोकदार शेपटीचा कंगवा आणि हेअर स्प्रे आपला आपण आणा.

फूल कुठल्या बाजूला लावायचं ते मात्र आपल्या मनाने लावू नका. त्याला प्रांताप्रमाणे अर्थ असतात, लग्न झालेली न झालेली वगैरे, आणि ग्रुपची ठरलेली बाजू असते. आधी एका मुलीचे केस माएस्त्रांना दाखवायचे, त्या हो म्हणाल्या की मग बाकीच्यांचे सुरू. आणि लहान मुलीच्या केसांना हात लावायच्या आधी तिलाच विचारा, लावू का गं म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी

सगळ्यात आधी जमीन बघा. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला खाली छोटे खिळे ठोकलेले असतात, त्यानेच तो टकटकाट होतो, पायांच्या त्या कामाला सापातेआदो म्हणतात. हे खिळे लाकडी जिमच्या पॉलिश केलेल्या फरशीवर ओरखडे काढतात. एका शाळेने आम्हाला आनंदाने बोलावलं होतं आणि दुसरा नाच चालू असताना त्यांच्या माणसाने येऊन संगीतच बंद करायला लावलं, पोरं स्टेजवर तशीच उभी. त्यांचीही चूक नव्हती, आधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता बुकिंगच्या वेळीच फोन करून विचारायचं, खिळ्यांचे बूट चालतील का, नाहीतर आम्ही चार बाय आठ फुटांच्या प्लायवूडच्या शीट आणतो, खाली जुनी चादर टाकून आणि जोडांवर टेप मारून. शीट न्यायला पिकअप लागतो, तुमच्याकडे असेल तर हे पहिल्याच दिवशी सांगा, लोक तुम्हाला कधीच सोडणार नाहीत. सिमेंटवर किंवा डांबरावर नाचायला लावलं तर आवाजही येत नाही आणि पोटऱ्या-गुडघे दुखतात. याच वेळी हेही विचारा की इन्शुरन्सचं सर्टिफिकेट लागेल का, जागावाले ते बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यात मागतात.

मेणबत्त्या किंवा काचेचा दिवा डोक्यावर घेऊन करायचा वेराक्रूझचा एक नाच आहे, तिथे बॅटरीवाल्या वापरायच्या, हॉलवाले ज्योत पेटवू देत नाहीत. सेल आदल्या रात्री बदला.

मग बॅकस्टेज. दोन नाचांमध्ये एखादं गाणं जेवढं चालतं तेवढाच वेळ मिळतो, तेवढ्यात हालिस्को उतरवून वेराक्रूझ चढवायचं. आम्ही प्रत्येक मुलीमागे खुर्ची ठेवतो, खुर्चीवर कपडे ज्या क्रमाने घालायचे त्याच्या उलट क्रमाने रचलेले, म्हणजे सगळ्यात वर परकर, मग स्कर्ट, मग ब्लाउज, दागिने छोट्या झिपच्या पिशवीत तळाशी. उतरवलेला स्कर्ट जमिनीवर पडू द्यायचा नाही, तुमचं एक काम फक्त ते झेलायचं. हुक लागत नसेल तर झटापट करू नका, मोठी सेफ्टी पिन मारा आणि पाठवा. लिपस्टिक लावून झाल्यावर पांढरा ब्लाउज डोक्यातून घालायचा असेल तर तोंडावर पातळ ओढणी टाका, मी माझ्या जुन्या शिफॉनच्या ओढण्या चार तुकडे करून दिल्यात, अजून चालू आहेत. आणि फोन खिशात ठेवा. कपडे बदलायच्या खोलीत फोटो नाही म्हणजे नाही, स्वतःच्या मुलीचाही नाही.

पाणी स्ट्रॉने द्यायचं, नाहीतर लिपस्टिक परत लावत बसावी लागते. लाल सरबत देऊ नका. हे ऐकायला साधं वाटतं पण आग्वा दे हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं गडद लाल सरबत प्रत्येक मेळ्यात असतं, चवीला फारच छान, आणि पांढऱ्या लेसवर पडलं की संपलं. कार्यक्रम झाल्यावर, कपडे उतरवल्यावर प्या म्हणावं.

मिरवणूक असेल तर ती वेगळी गोष्ट. उन्हात डांबरावर दीड-दोन मैल, त्यामुळे पाणी वाटायला मध्ये मध्ये माणसं, मागून हळू येणारी गाडी ज्यात दमलेलं पोर बसू शकेल, आणि दोन्ही बाजूंनी चालणारे मोठे. कडेने चाला, नाचणारे आणि बघणारे यांच्या मध्ये येऊ नका. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत पथकाच्या कडेने दोर धरून चालला असाल तर तुम्हाला काहीच शिकवायला नको.

पैसे आणि तामालेस

ग्रुप गरीब असतात हे स्पष्टच सांगते. मुलांची फी मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण नाहीतर ज्या घरातली ही कला आहे त्याच घरातली मुलं येऊ शकणार नाहीत. तुम्ही किंवा नवरा मोठ्या टेक कंपनीत असाल तर कंपनीच्या पोर्टलवर बघा, कित्येक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात आणि काही तर स्वयंसेवेच्या तासांचे पैसे संस्थेला देतात. फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतात. ग्रुपची ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली ना-नफा संस्था म्हणून नोंदणी आहे का ते आधी विचारा, त्याशिवाय हे होत नाही. ही एक गोष्ट आपले लोक सहज करू शकतात आणि त्यातून एका वर्षी आमचे मुलांचे अख्खे बूट आले.

बाकी पैसा तामालेसचा. डिसेंबरात सगळे मिळून बसून करतात, आपण पूर्वी वाड्यात दिवाळीच्या चकल्या-करंज्यांना बसायचो तसं, त्या बसण्याला तामालादा म्हणतात. मक्याची भिजवलेली पानं, त्यावर मक्याच्या पिठाचा म्हणजे मासाचा (आपला खायचा मासा नव्हे) थर, आत सारण, पान दुमडून उभं रचून वाफवायचं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या असतील तर हात बसलेलाच आहे. मासा पुरेसा फेटला गेलाय का हे बघायला त्याची छोटी गोळी पाण्यात टाकतात, तरंगली की झालं. ज्या घरात मी ते पहिल्यांदा बघितलं तिथे चार पिढ्या एका टेबलाभोवती होत्या आणि सगळ्यात छोट्या पणतीला गोळी टाकायचा मान.

शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवा, सारण चीज-मिरचीचं असलं तरी मासामध्ये बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, घेवड्याच्या उसळीतही असू शकते, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. मोकळेपणाने विचारा, नाक मुरडू नका. मी एक वर्ष तेल घालून वेगळा मासा करायला मागितला, आता दरवर्षी एक पातेलं तसं होतं आणि ते आधी संपतं. विक्री बाहेर लोकांना करायची असेल तर काउंटीच्या हेल्थ खात्याचं परमिट लागतं, ते महिनाभर आधी बघा.

वर्षाचं कॅलेंडर

धावपळीचे दिवस ठरलेले आहेत. ५ मे, म्हणजे सिंको दे मायो, आणि हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही, १८६२ मध्ये पुएब्लाला फ्रेंच सैन्याला हरवलं त्याचा दिवस. स्वातंत्र्याचा १६ सप्टेंबर, १८१० चा, आदल्या रात्री घोषणा देतात. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अमेरिकेत हिस्पॅनिक हेरिटेज मंथ, त्यात प्रत्येक शाळेला आणि ऑफिसला नाच हवा असतो, तेव्हा माणसं सगळ्यात कमी पडतात आणि नेमके त्यातच आपले गणपती-नवरात्र येतात. माझा अनुभव असा की ऑगस्टमध्येच दोन्हीकडे तारखा सांगून टाकायच्या, हो म्हणून शेवटच्या क्षणी न जाण्यापेक्षा आधीच नाही म्हटलेलं बरं. १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेचा दिवस, तो देवाचा आहे, काही ठिकाणी पहाटे नाचतात, तिथे टाळ्या कधी वाजवायच्या ते बाकीच्यांकडे बघून.

आणि १-२ नोव्हेंबर, दिया दे लोस मुएर्तोस, म्हणजे गेलेल्या माणसांचा दिवस. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी ओफ्रेंदा मांडतात, फोटो, मेणबत्त्या, पाणी, ब्रेड, त्यांना आवडायचं ते खाणं, आणि सगळीकडे झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच, तिकडे सेम्पासूचिल म्हणतात, समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला. ओफ्रेंदासाठी फुलं ओवायला बसाल तेव्हा तुमचा हात आपोआप चालेल, मोठी सुई, दोरा दुहेरी, देठाकडून ओवायचं. या दिवशी कवटीसारखे चेहरे रंगवतात त्याला हॅलोविन म्हणू नका. ओफ्रेंदावरच्या वस्तूंना न विचारता हात लावू नका. आपण पितृपंधरवड्यात ताटाला कसे वागतो तसं वागलं की चुकत नाही.

त्याच मेळ्यात पिसांचे मोठे मुकुट घातलेले, पायात बियांचे घुंगरू बांधलेले लोक कोपाल नावाच्या धुपाचा धूर करून नाचताना दिसतील, ते दान्सा आस्तेका, ते फोकलोरिको नाही. त्यांच्यासाठी ती प्रार्थना आहे. मुकुटासोबत सेल्फी मागू नका.

आपण काय नेऊ नये

उत्साहाच्या भरात पहिल्याच वर्षी मी सुचवलं की एक फ्यूजन बसवू या, लेझीम आणि सापातेआदो. माएस्त्रा हसून म्हणाल्या, बघू. आता कळतं की त्या मुलांना हालिस्कोचाच पाय अजून पक्का व्हायचा होता, आणि इथे जन्मलेल्या, स्पॅनिश अर्धवट बोलणाऱ्या पोरांना आजीच्या गावचा नाच जसाच्या तसा शिकायला मिळणं हेच त्या शाळेचं काम आहे, जसं आपण आपल्या मराठी शाळेत बाराखडी गिरवून घेतो. सूचना ठेवा दोन वर्षांनंतरसाठी. तोपर्यंत जे काम सांगतील ते, आणि जे कोणाला नको असतं ते, म्हणजे कचरा, खुर्च्या, शेवटी थांबून हॉल बंद करणं.

मुलीला नाचायला घालायचं असेल तर घाला, घेतात, कुठून आलात विचारत नाहीत. पण नाचाच्या रांगेत पुढे उभं करा म्हणून तुमच्या स्वयंसेवेचा दाखला देऊ नका, हे एकदा एकाने केलं होतं आणि ते कोणीच विसरलेलं नाही.

एन्सायो शनिवारी दहाला असतो. पहिल्या दिवशी येताना सुई, काळा आणि पांढरा दोरा, छोटी कात्री, वीसेक सेफ्टी पिना आणि पाण्याची बाटली आणा. मागच्या दाराने आत आलात की डावीकडे भिंतीशी निळ्या खुर्चीवर आजी बसलेली असेल, मांडीवर कुठला ना कुठला स्कर्ट, तिला ब्वेनोस दियास म्हणा आणि शेजारची खुर्ची ओढा, घेराची दुसरी बाजू ती आपणहून तुमच्याकडे सरकवते.